मुदतीपूर्वी मोडलेला शब्द

गुढीपाडव्याचा दिवस आमच्या जालना जिल्ह्यात केवळ नव्या पंचांगाचा दिवस नसतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, सालगड्याचे साल ह्याच दिवशी संपते आणि ह्याच दिवशी नवे साल ठरते. धनी आणि गडी समोरासमोर बसतात. वर्षाची रक्कम किती, धान्य किती, आगाऊ किती द्यावयाचे, ह्यांची बोलणी होतात. आणि पुढील पाडव्यापर्यंत एकाने राबावे व दुसऱ्याने ठरलेले देत जावे, असा शब्द दिला-घेतला जातो. कागद असतोच असे नाही. चार माणसांच्या देखत झालेले बोलणे हाच पुष्कळदा कागद. हा शब्द मुदतीचा आहे, आणि मुदतीच्या शब्दांत जी एक विशेष अडचण असते तिचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दोघांपैकी एकास मुदत संपण्यापूर्वीच दुसरा नकोसा झाला, तर काय करावे? ठरलेले पैसे, किंवा त्यांतील न्याय्य भाग, हातावर ठेवला म्हणजे शब्दातून मोकळीक मिळाली असे समजावे काय? की पैशाने नुकसान भरून निघाले तरी काही बाकी उरते, आणि उरत असल्यास ती कोणी वाहावी?

हा प्रश्न खेड्याच्या व्यवहारावरून सोडवू गेल्यास तो लवकर दिसेनासा होतो, कारण तेथे बहुतेक गोष्टी अलिखित असतात आणि प्रत्येक तंट्यात दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी मिसळलेली असतात. म्हणून आम्ही प्रथम असे एक उदाहरण घेणार आहो की ज्यात सर्व काही आकड्यांनी मांडलेले आहे. ते फार दूरचे आहे. उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळली जाणारी हॉकी हा एक मोठा धंदा होऊन बसला आहे. तेथील ‘नॅशनल हॉकी लीग’ नामक संघटनेत मालक व खेळाडू ह्यांचे भांडण इतके विकोपास गेले की २००४-०५ चा सबंध हंगाम खेळाविना गेला. त्यातून जी तडजोड निघाली तिने प्रत्येक संघाच्या एकंदर वेतनखर्चास एक कमाल मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामात ती ९ कोटी ५५ लाखांवर गेली. हेतू असा की श्रीमंत संघाने केवळ पैशाच्या बळावर सारे उत्तम खेळाडू गोळा करू नयेत.

आता एखाद्या संघाने खेळाडूशी दहा वर्षांचा करार केला आणि सहाव्या वर्षी तो खेळाडू त्यास नकोसा झाला, तर काय होते? संघास करार मोडण्याची मुभा आहे. तेथे त्यास ‘बायआउट’ म्हणतात, म्हणजे उरलेली मुदत पैसे देऊन विकत घेणे. पण ही मुभा फुकट नाही. खेळाडू सव्वीस वर्षांचा वा त्याहून मोठा असल्यास उरलेल्या वेतनाचे दोन तृतीयांश, त्याहून लहान असल्यास एक तृतीयांश, त्यास द्यावे लागते. आणि ही रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत वाटून द्यावयाची असते. चार वर्षे उरली असतील तर आठ वर्षे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ह्या सर्व काळात मोडलेल्या कराराचा काही भाग संघाच्या वेतनमर्यादेत मोजला जातो. जो माणूस आता आपल्याकडे खेळत नाही, कदाचित प्रतिस्पर्ध्याकडून आपल्याविरुद्ध खेळत आहे, त्याच्या नावाची जागा आपल्या हिशेबात अडून राहते, आणि तेवढ्या रकमेचा नवा खेळाडू आपणांस घेता येत नाही.

ह्या नियमाचा पुरा अर्थ मिनेसोटा संघाच्या गोष्टीवरून कळतो. ४ जुलै २०१२ रोजी ह्या संघाने झॅक पारिसे व रायन सूटर ह्या दोन नामांकित खेळाडूंशी प्रत्येकी तेरा वर्षांचा व ९ कोटी ८० लाख डॉलरांचा करार केला. पारिसे तर त्याच प्रांताचा पुत्र. त्याचा बापही एके काळी मिनेसोटाच्या जुन्या संघातून खेळलेला. लोकांस मोठा आनंद झाला. करारात मात्र एक हिकमत होती. आरंभीच्या वर्षांत वेतन फार मोठे आणि अखेरच्या वर्षांत अगदी थोडे ठेवलेले होते. मर्यादेच्या हिशेबात दर वर्षी मोजली जाणारी रक्कम तेवढी सरासरीची, सुमारे ७५ लाख ३८ हजार डॉलर. म्हणजे आरंभी खर्च जास्त आणि हिशेबात कमी, अशी सवलत संघाने घेतली. पुढे खेळाडूंचे वय वाढले, व्यवस्थापक बदलला, आणि १३ जुलै २०२१ रोजी चार वर्षे शिल्लक असताना दोघांचेही करार मोडण्यात आले. प्रत्येकास द्यावयाची रक्कम फार मोठी नव्हती: आठ वर्षे, दरसाल सुमारे ८ लाख ३३ हजार डॉलर. परंतु आरंभी घेतलेली सवलत आता उलटली. २०२३-२४ साली, जेव्हा मर्यादा ८ कोटी ३५ लाख होती, तेव्हा ह्या दोन गेलेल्या माणसांपायी सुमारे १ कोटी ४७ लाखांची जागा अडली होती. म्हणजे सहाव्या हिश्श्याहून अधिक. पुढील सालीही तितकीच अडली. आणि लहानसा अंश २०२८-२९ पर्यंत अडून राहावयाचा आहे.

येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो साध्यासुध्या माणसाचा नाही. अमेरिकेतील विख्यात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी १८९७ साली बोस्टन येथे दिलेल्या एका व्याख्यानात असे प्रतिपादिले की करार पाळण्याचे कर्तव्य म्हणजे, कायद्याच्या दृष्टीने, करार न पाळल्यास नुकसानभरपाई द्यावी लागेल एवढे भाकीत. त्याहून अधिक काही नाही. ह्या मताप्रमाणे मुदतीचा करार करणारा मनुष्य दोन वाटा विकत घेतो: एक काम पुरे करण्याची, दुसरी पैसे देऊन सुटण्याची. दुसरी वाट धरली म्हणून त्यास दोष देणे म्हणजे दुकानदाराने एक माल सोडून दुसरा घेणाऱ्या गिऱ्हाइकास अप्रामाणिक म्हणण्यासारखे होय. आमच्या १८७२ च्या करारविषयक कायद्याची घडणही ह्याहून फार निराळी नाही. त्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करार मोडणाऱ्याकडून ठरलेल्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. आणि १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाखाली माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय बळाने पाळावयास लावीत नाही. ते योग्यच आहे. मनुष्यास नकोशा धन्याकडे बांधून ठेवणे, किंवा धन्यास नकोसा गडी गळ्यात बांधणे, ह्यात कोणाचेच हित नाही.

मग शिक्षा कसली आणि खंत कसली? खेळाडू काही अनाथ नाही. त्यास काम न करता दोन तृतीयांश वेतन मिळते, शिवाय दुसऱ्या संघाकडे जाऊन नवे वेतन मिळविण्यास तो मोकळा होतो. सूटर डॅलसच्या संघात गेला, पारिसे न्यूयॉर्क आयलंडर्समध्ये. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही, आणि आम्हीही ते ढाळीत नाही.

तथापि होम्स ह्यांच्या मतात एक गोष्ट गळून पडते. मुदतीचा शब्द घेणारा मनुष्य केवळ पैसे घेत नाही. तो निश्चिती घेतो. तेरा वर्षांचा शब्द मिळाला म्हणजे तो त्या गावात घर घेतो, मुलांस तेथील शाळेत घालतो, दुसऱ्या ठिकाणची आमंत्रणे परतवितो. सालगडी पाडव्यास एका धन्याचे साल धरतो तेव्हा त्याच दिवशी दुसऱ्या चार धन्यांस नाही म्हणतो. श्रावणात त्यास काढून टाकले, तर ते चौघे आता कोठून आणावयाचे? नाकारलेल्या वाटा पैशाने परत येत नाहीत, कारण त्या कोणी विकावयास ठेवलेल्याच नसतात. जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्याने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा असा भेद केला आहे. ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्यास किंमत असते. ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्यास प्रतिष्ठा असते. वेतनास किंमत आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून आपल्या आयुष्याची जी मांडणी मनुष्य करतो, ती त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. म्हणून करार मोडताना पैसे देणे हे अवश्य आहे, पुरेसे नाही. पैसे दिल्याने अन्याय सौम्य होतो. शब्द पाळला होता असे त्यामुळे होत नाही.

वरील नियमाचे खरे मर्म आम्हांस येथेच दिसते. दोन तृतीयांश वेतन ही भरपाई झाली. ती तर कोणताही कायदा देववील. परंतु दुप्पट वर्षे हिशेबात राहणारी ती अडलेली जागा भरपाई नव्हे, कारण तिच्यापासून खेळाडूस एक कवडीही मिळत नाही. ती एक प्रकारची स्मृती आहे. ज्याने शब्द मोडला त्यास तो विसरता येऊ नये, दर हंगामाच्या आरंभी आपल्या वहीत ते नाव पुन्हा वाचावे लागावे, अशी ती योजना आहे. नियम करणाऱ्यांच्या मनात नीती होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांस मर्यादेतून पळवाट बंद करावयाची होती, एवढेच. पण पळवाट बंद करू जाणाऱ्यांनी नकळत एक नैतिक सत्य नियमात उतरविले: शब्द मोडण्याचा भार मोडणाऱ्याकडे राहावा, आणि तो केवळ एकदा द्यावयाच्या रकमेचा नसून काळाचा असावा.

ही स्मृती काढून घेतली म्हणजे काय होते, हेही त्याच संघटनेने दाखविले आहे. २०१३ साली नवी तडजोड झाली तेव्हा प्रत्येक संघास दोन करार मर्यादेच्या हिशेबाबाहेर मोडण्याची सवलत मिळाली. त्या सवलतीचा फायदा घेऊन न्यूयॉर्क आयलंडर्सने रिक डीपिएट्रो ह्या गोलरक्षकाचा करार मोडला. हा करार २००६ साली झालेला, पंधरा वर्षांचा व ६ कोटी ७५ लाख डॉलरांचा. दुखापतींनी त्या खेळाडूची उमेदीची वर्षे खाऊन टाकलेली. ठरावाप्रमाणे त्यास सोळा वर्षे, २०२९ पर्यंत, दरसाल १५ लाख डॉलर मिळावयाचे आहेत. मालकाच्या तिजोरीतून पैसे जातात खरे, पण संघाच्या वहीत त्याची जागा अडत नाही. जणू करार कधी झालाच नव्हता. पैसे दोन्ही ठिकाणी दिले गेले. मिनेसोटाला मात्र प्रत्येक हंगामात नवा खेळाडू घेताना २०१२ च्या आपल्या शब्दाचा विचार करावा लागला. आयलंडर्सला तो करावा लागला नाही. आमच्या मते ह्या दोन स्थितींत जे अंतर आहे, तेच भरपाई आणि जबाबदारी ह्यांतील अंतर होय.

आता दुसरा आक्षेप, जो आम्हांस पहिल्याहून कठीण वाटतो. स्मृतीचा भार मोडणाऱ्याने वाहावा म्हणता. पण मोडणारा कोण? मिनेसोटात करार करणारा व्यवस्थापक एक होता, मोडणारा दुसरा; आणि भार पडला तो तिसऱ्यांवर. २०२२ च्या उन्हाळ्यात त्या संघास केव्हिन फियाला नावाचा आपला गुणी खेळाडू लॉस एंजेलिसच्या संघास देऊन टाकावा लागला, कारण त्याच्या योग्यतेचे वेतन देण्यास हिशेबात जागा नव्हती. फियालाने कोणास शब्द दिला नव्हता की कोणाचा मोडला नव्हता. आपल्याकडील वाचकांस ही स्थिती अनोळखी वाटणार नाही. कैकेयीस वर देणारा दशरथ, वर मागणारी कैकेयी, आणि चौदा वर्षे वनात काढणारा राम. वचन एकाचे आणि वनवास दुसऱ्याचा, ह्या गोष्टीने आमच्या समाजाची नीतिबुद्धी हजारो वर्षे घडविली आहे; आणि खरे सांगावयाचे तर तिने आम्हांस पुष्कळ वेळा अस्वस्थही केले आहे.

ह्यावर आमचे उत्तर असे. जो मनुष्य एखाद्या संस्थेच्या गादीवर बसतो तो तिच्या संपत्तीबरोबर तिची देणीही घेतो. नव्या व्यवस्थापकास संघाचे मैदान, नाव, चाहते हे सर्व वारशाने मिळाले. मग जुना शब्दच तेवढा पूर्वीच्याचा म्हणून कसा झटकता येईल? संस्थेस दीर्घ मुदतीचा शब्द देता येतो तो ती माणसांहून अधिक काळ टिकते म्हणूनच. ज्या दिवशी प्रत्येक नवा अधिकारी पूर्वीच्या अधिकाऱ्याचा शब्द आपल्यास बांधीत नाही असे म्हणू लागेल, त्या दिवशी कोणतीही संस्था एका अधिकाऱ्याच्या कारकीर्दीपलीकडचा शब्द देऊ शकणार नाही. फियालासारख्या निरपराध्याची तक्रार मात्र ह्या उत्तराने पुरती मिटत नाही, हे आम्ही कबूल करतो. तिच्यावर इलाज एकच आहे आणि तो करार मोडण्याच्या वेळचा नसून करण्याच्या वेळचा आहे. जो शब्द पाळण्याच्या वेळी आपण त्या खुर्चीत असणार नाही, तो देताना हात आखडता घ्यावा. तेरा वर्षांचे वचन देणाऱ्याच्या औदार्याचे कौतुक त्याच दिवशी होते. हिशेब मागाहून येतो आणि तो दुसऱ्याच्या दाराशी येतो.

आता दृष्टी आपल्या देशाकडे वळवू. आपल्याकडील धंदेवाईक खेळांत सर्वांत मोठी ती क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग. ती २००८ साली सुरू झाली. तिच्यातही संघाच्या थैलीस मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या मोठ्या लिलावासाठी ती १२० कोटी रुपये होती. आमच्या जालन्याच्या मुलांसही ह्या लिलावाचे अप्रूप आहे, कारण त्यांच्यातलाच एक तेथे पोचला होता. विजय झोल ह्यांनी २०११ साली एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या, २०१४ साली त्या वयोगटाच्या भारतीय संघाचे विश्वचषकात नेतृत्व केले, आणि त्याच वर्षी बंगळूरच्या संघाने त्यांस घेतले. त्यांच्या बाबतीत कोणी अन्याय केला असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे नाव घेतले ते अशासाठी की लिलावातील आकडे वाचणाऱ्या येथील प्रत्येक घरास हे कळावे की त्या आकड्यामागील करार कशा प्रकारचा असतो. ह्या लीगमध्ये संघ हंगामाच्या शेवटी खेळाडूस मोकळा करू शकतो, आणि तो मोकळा झाला की त्याची रक्कम पुढील लिलावासाठी संघाच्या थैलीत परत येते. दुप्पट वर्षे नाहीत आणि अडलेली जागाही नाही. कायद्याने ह्यास करारभंग म्हणता येत नाही, कारण ही मुभा व्यवस्थेतच ठेवलेली आहे. म्हणजे येथे संघास शब्द मोडण्याची वेळच येत नाही, कारण दीर्घ शब्द त्याने दिलेलाच नसतो.

एवढ्यावर आम्ही फारशी तक्रार केली नसती. थोडा शब्द देणे हे मोठा शब्द देऊन मोडण्यापेक्षा बरे. पण दुसऱ्या बाजूचा नियम पाहावा. २०२५ च्या हंगामापासून असे ठरले आहे की लिलावात निवडला गेल्यावर हंगामापूर्वी अंग काढून घेणाऱ्या खेळाडूस दोन हंगाम बंदी. अपवाद फक्त दुखापतीचा किंवा आजाराचा. इंग्लंडच्या हॅरी ब्रुकवर ही बंदी आली. नियमास कारण आहे, हेही सांगितले पाहिजे: ऐन वेळी खेळाडू गळाला म्हणजे संघाची सारी रचना कोसळते, आणि काही परदेशी खेळाडूंनी ही गोष्ट सहज मानली होती. तरी दोन्ही नियम एका तराजूत घातले म्हणजे काय दिसते? खेळाडूने शब्द मोडला तर व्यवस्था दोन वर्षे ते स्मरते. संघाने खेळाडू सोडला तर व्यवस्था दुसऱ्या दिवशी ते विसरते. बर्फावरील हॉकीत स्मृतीचा भार बलवंतावर आहे. येथे तो दुर्बलावर आहे.

आपल्या खऱ्याखुऱ्या हॉकीची, म्हणजे मैदानावरील हॉकीची, गोष्ट तर आणखी निराळी. तिच्यात संघाने खेळाडूस सोडण्याचा प्रश्न येण्यापूर्वीच स्पर्धाच खेळाडूंस सोडून गेल्या. २०१२ च्या फेब्रुवारीअखेर ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ सुरू झाली. पुण्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. दुसरा हंगाम जाहीर झाला, लांबणीवर पडला, आणि कधीच झाला नाही. २०१३ साली ‘हॉकी इंडिया लीग’ आली. तीतील मुंबईचा पहिला संघ दोनच हंगामांनंतर गेला. २०१७ नंतर ती लीगच थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. अशा वेळी तरुण खेळाडूने कोणाच्या शब्दावर घर बांधावे? वेतनमर्यादा किती, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो. शब्द देणाराच उद्या जागेवर असेल काय, हा पहिला.

ह्याच तराजूने आता आपण आपल्या शिवारातील व्यवहार तोलून पाहू. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५९ साली एक कायदा झाला होता. आगाऊ पैसे घेतलेल्या कारागिराने वा मजुराने काम सोडले, तर त्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून काम पुरे करावयास किंवा पैसे परत करावयास लावावे, आणि तेही न केल्यास कैदेत घालावे, अशी त्याची तरतूद होती. मालकाने मध्येच मजुरास काढले तर मालकास कैद नव्हती. एकाच कराराच्या दोन टोकांस असे दोन निरनिराळे न्याय लावणारा हा कायदा १९२५ साली रद्द ठरविण्यात आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणून हा कायदा येथला नव्हे. पण त्यामागची बुद्धी कोणत्याही राज्याच्या सीमेत मावणारी नव्हती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातील हजारो जोडपी ऊसतोडीस बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्या कोयत्यास मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल मिळते, आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटावयाची असते. आता हंगाम मुदतीपूर्वी संपला असे समजा. २०१२-१३ च्या दुष्काळासारख्या वर्षी, ज्याची झळ जालन्यास फार बसली, उसाचेच दुर्भिक्ष असते. गाळप लवकर आटोपते. काम देण्याचा शब्द येथे कारखान्याच्या बाजूने अपुरा राहिला, मग दोष कारखान्याचा असो वा पावसाचा. पण फिटली नाही ती उचल मजुराच्या नावावर राहते, ‘मागील बाकी’ म्हणून पुढील हंगामात त्याच्याबरोबर चालत जाते, आणि पुष्कळदा त्यास दुसऱ्या मुकादमाकडे जाण्याची मोकळीकही ठेवीत नाही. मजूर मध्येच परतला, आजारी पडला, बायको बाळंत झाली, तरी खाडे त्याच्याच नावावर चढतात. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ पासून आहे. तथापि कायदा माणसास मोकळे म्हणतो आणि वही त्यास बांधलेला म्हणते, अशी स्थिती जागोजाग आढळते. दुप्पट वर्षे हिशेबात राहण्याचा नियम येथेही आहेच म्हणावयाचा. फक्त तो उलटा लावलेला आहे.

आम्ही असे म्हणत नाही की मजुराने घेतलेले पैसे बुडवावेत. उचल घेऊन पळून जाणारा मनुष्य मुकादमास बुडवितो, आणि मुकादमही पुष्कळदा कर्जानेच पैसे आणलेला, त्याच गावचा मनुष्य असतो. शब्दाचे बंधन गरिबासही आहे. ते नाही म्हणणे म्हणजे त्याची प्रतिष्ठा नाकारणे होईल. आमचे म्हणणे एवढेच की एकाच कराराची स्मृती दोन्ही वह्यांत राहिली पाहिजे. ज्याच्या हाती मुदत मोडण्याची शक्ती अधिक, त्याच्या वहीत ती अधिक काळ राहिली पाहिजे. कारण दुर्बलास त्याचे नुकसान आपोआपच आठवते, बलवंतास मात्र ते आठवून देणारे कोणी असावे लागते. ठरलेला हंगाम भरला नाही तर उरलेल्या दिवसांच्या मजुरीचा न्याय्य अंश उचलीतून वजा व्हावा, हे तत्त्व पाहता पाहता अंगवळणी पडण्यासारखे आहे. परदेशातील धनिक संघांस जो नियम सोसतो, तो आमच्या साखर कारखान्यांस न सोसण्याचे कारण दिसत नाही.

शेवटी, हा प्रश्न केवळ कारखान्यांचा आणि संघमालकांचा आहे असे समजून वाचकांनी मासिक मिटू नये. आपल्या सुशिक्षित घरांतही मुदतीचे शब्द रोज दिले जातात. वर्षभरासाठी म्हणून धुण्याभांड्यास ठेवलेली बाई, मुलाच्या परीक्षेपर्यंत म्हणून बोलावलेले शिकवणीचे मास्तर, आजारी वडिलांच्या सेवेसाठी दुसरे काम सोडावयास लावून आणलेला माणूस. आणि मग घरची सोय बदलते, दुसरे कोणी स्वस्तात मिळते, आणि एका महिन्याचा पगार हातावर ठेवून आपण त्यांस निरोप देतो. महिन्याचा पगार देणारे आपण स्वतःस उदार समजतो, आणि अनेकांच्या मानाने तसे असतोही. पण त्या बाईने आपल्या घरासाठी कोणती दोन घरे सोडली होती, हे आपण विचारलेले नसते. सोय बदलली तर शब्द कधीच मोडू नये, इतके कठोर आम्ही सांगत नाही. मोडावा लागला तर आधी सांगावे, भरपाई द्यावी, त्यास दुसरे काम लागेपर्यंत आपणही चार ठिकाणी शब्द टाकावा, आणि नव्या माणसास शब्द देण्यापूर्वी जुन्याचे नाव एकदा आठवावे. ह्यातील पहिल्या दोन गोष्टी कायदाही मागू शकतो. उरलेल्या दोन तो मागू शकत नाही. त्या ज्याच्या त्याने आपल्या वहीत लिहून ठेवावयाच्या असतात.